बंदुकीचा ठावठिकाणा कोणाकडे आहे?

फेब्रुवारी २०२४ मध्ये सहा दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. २ तारखेला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, भाजपचे आमदार गणपत गायकवाड यांनी शिंदे गटाचे कल्याण शहरप्रमुख महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. ८ तारखेला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर ज्याच्यासोबत फेसबुक लाइव्ह करत होते, त्याच माणसाने त्यांचा खून केला आणि नंतर स्वतःलाही संपवले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला वांद्र्यात बाबा सिद्दीकी मारले गेले. डिसेंबरात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अमानुष हत्या झाली. तिच्यात बंदूक नव्हती, पण त्या निमित्ताने एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचे महाराष्ट्राला समजले. प्रत्येक घटनेनंतर वाहिन्यांवर, विधिमंडळात आणि चहाच्या टपरीवर जो वाद झाला तो मात्र एकाच साच्यातला होता. एक बाजू म्हणाली, कायदा कडक करा, परवाने सरसकट रद्द करा. दुसरी म्हणाली, गुंड कधी परवाना काढून गोळ्या घालतो का? कायदा पाळणार तो सरळमार्गी माणूस, त्याला निःशस्त्र करून काय मिळणार? सरकारचे उत्तर तर ठरलेलेच: हे वैयक्तिक वैमनस्यातून घडले, कायदा-सुव्यवस्थेशी त्याचा संबंध नाही.

शस्त्रांवरचे कडक निर्बंध आणि बंदुकांची काटेकोर नोंदणी यांनी सर्वसामान्य माणसाचे आयुष्य अधिक सुरक्षित होते, असे माझे ठाम मत आहे. पण आपल्याकडे ‘कडक’ या शब्दाचा अर्थ शिक्षेची वर्षे वाढवणे एवढाच उरला आहे, आणि तिथेच हा वाद फसतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने बेकायदा शस्त्र बनवण्याची आणि विकण्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत नेली, लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला, एका माणसाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. ऐकायला हे सगळे कडक. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. परवान्याचे नूतनीकरण हाच तो प्रसंग असतो जेव्हा परवानाधारकाला शस्त्र घेऊन यावे लागते, पोलीस त्याचा क्रमांक ताडून पाहतात, माणसावर दरम्यान काही गुन्हा दाखल झाला का ते तपासतात. ही तपासणी दोन वर्षांनी लांबली. म्हणजे शिक्षा वाढली आणि नजर सैल झाली. सार्वजनिक सुरक्षिततेच्या दृष्टीने हा सौदा उलटा आहे, आणि तरीही त्यावर महाराष्ट्रात फारशी चर्चा झाली नाही.

विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवे. भारतात बंदुकीने होणाऱ्या खुनांपैकी बहुसंख्य खून विनापरवाना शस्त्रांनी होतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे दिसते. नरेंद्र दाभोलकरांवर २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्याच्या पुलावर झाडलेल्या गोळ्या ७.६५ मिलिमीटरच्या होत्या, गौरी लंकेश यांच्यावर २०१७ साली झाडलेल्याही त्याच मापाच्या, आणि त्या झाडणारी शस्त्रे कोणत्याही परवान्यावर नव्हती. जिनिव्हाच्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ने २०१८ साली भारतातल्या नागरिकांच्या हातातील बंदुकांचा अंदाज सात कोटींच्या वर धरला आणि त्यातल्या सहा कोटींहून अधिक नोंदणीबाहेरच्या मानल्या. अंदाज तो अंदाजच, पण केंद्रीय गृहखात्याच्या आकडेवारीनुसार २०१६ अखेर देशात चालू परवाने सुमारे ३४ लाख होते, पैकी उत्तर प्रदेशात पावणेतेरा लाखांच्या आसपास आणि महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की प्रश्न पडतोच: जो साठा नोंदीत येतच नाही, त्यावर नोंदणीचा कायदा काय करणार?

पुष्कळ काही करू शकतो, कारण बेकायदा बंदूक आभाळातून पडत नाही. आपल्याकडे येणारे गावठी कट्टे आणि पिस्तुले मोठ्या प्रमाणात मध्य प्रदेशातून येतात. बडवानी जिल्ह्यातले उमर्टी हे गाव आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्याच्या सीमेला लागून आहे, आणि पुण्यापासून नाशिकपर्यंतच्या पोलिसांच्या तोंडी ते नाव असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवाईला गेलेल्या चोपड्याच्या एका पोलीस कर्मचाऱ्याला तिथल्या जमावाने पळवून नेले होते, इतकी तिथल्या धंद्याची मगदूर. पण भट्टीवर पिस्तूल घडवता येते, नळी कोरता येते, खटका बसवता येतो. काडतूस घडवणे ही वेगळी गोष्ट आहे. पितळी पुंगळी, तिच्या बुडातली केप, नेमक्या वजनाची दारू, हे सगळे एकसारखे जमवायला कारखाना लागतो. काही ठिकाणी रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरल्या जातात, हे खरे, पण चालणारे भरवशाचे काडतूस बहुधा कारखान्यातूनच आलेले असते. देशात नागरी वापरासाठीची काडतुसे दीर्घकाळ सरकारी आयुधनिर्माणींतच बनत आली. त्यातली एक खडकीला आहे आणि तिच्या काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरे असतात. महाराष्ट्रातल्या पोलिसांच्या पंचनाम्यांत ही अक्षरे वाचायला मिळतात. याचा अर्थ सरळ आहे. बेकायदा पिस्तुलातून सुटणारी गोळी कधीतरी कायदेशीर साखळीत होती: कारखाना, घाऊक विक्रेता, परवानाधारक दुकानदार, आणि मग कोणाच्या तरी परवान्यावरचा कोटा. त्या साखळीत ती कुठे गळली, हे नोंदीतूनच कळू शकते. तेव्हा ‘गुंड परवाना घेत नाही’ हे वाक्य खरे असूनही त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. गुंड परवाना घेत नाही, पण त्याची काडतुसे कोणाच्या तरी परवान्यावर किंवा कोणाच्या तरी साठापुस्तकावर खर्ची पडलेली असतात.

दाभोलकर खटल्यात या उणिवेची किंमत दिसली. सुरुवातीला शस्त्रविक्रीच्या संशयावरून दोघांना पकडले गेले, मुदतीत आरोपपत्र दाखल होऊ शकले नाही आणि ते जामिनावर सुटले. पुढे कोणत्या गोळ्या कोणत्या पिस्तुलातून सुटल्या यावर प्रयोगशाळांची मते जुळेनात. शस्त्रे खाडीत फेकल्याची माहिती पुढे आल्यावर खारेगावजवळ पाणबुडे उतरवावे लागले. मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली आणि तिघे सुटले, तोवर पावणेअकरा वर्षे गेली होती. नोंदणी असती तर खून टळला असता, असा दावा मी करणार नाही. पण काडतुसाच्या पेटीवरच्या क्रमांकापासून शेवटच्या विक्रीपर्यंतची साखळी तपास अधिकाऱ्याच्या हाताशी असती, तर त्या अकरा वर्षांतली काही तरी वाचली असती, आणि त्याच पद्धतीने पुढे गेलेले गोविंद पानसरे, एम. एम. कलबुर्गी आणि गौरी लंकेश हे तीन जीव वाचण्याची निदान शक्यता होती. गुन्हेगाराला लवकर पकडणे हाही पुढचा गुन्हा रोखण्याचाच मार्ग नाही का?

आता परवान्यावरच्या बंदुकांकडे वळू, कारण ‘कायदेशीर बंदूक निरुपद्रवी असते’ हे गृहीतक तपासलेच जात नाही. उल्हासनगरचे पिस्तूल परवान्याचे होते. दहिसरला वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होते आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशातला होता. २२ एप्रिल २००६ रोजी वरळीच्या घरात प्रमोद महाजनांवर त्यांच्या सख्ख्या भावाने झाडलेल्या गोळ्याही परवान्याच्या पिस्तुलातल्याच. तिन्ही प्रसंगी माणसे सराईत टोळीवाली नव्हती. जमिनीचा वाद, जुना अपमान, भावाभावांतले बिनसलेले. अशा भांडणांत हात उगारला जातो, फार तर काठी येते. तिथे खिशात पिस्तूल असले की भांडण संपायच्या आत माणूस संपतो. दहिसरची घटना तर नोंदणीच्या त्रुटीचे जणू प्रात्यक्षिकच आहे. एका राज्यात दिलेला परवाना, दुसऱ्या राज्यातली नोकरी, आणि शस्त्र परवानाधारकाऐवजी त्याच्या मालकाच्या हाती. स्कूटर विकली तरी आरटीओत नाव बदलते आणि दुसऱ्या राज्यात नेली तर तिथे नोंद करावी लागते. परवान्याच्या पिस्तुलाने राज्य ओलांडले, जागा बदलली, कपाट बदलले, आणि गोळी सुटेपर्यंत हे कोणाच्याही पाहण्यात आले नाही. परवान्यांची राष्ट्रीय यादी आपल्याकडे आहे, प्रत्येक परवानाधारकाला त्यात स्वतंत्र ओळख क्रमांक आहे. हे काम चांगलेच झाले. पण ती यादी आपल्याला परवाना कोणाला दिला हे सांगते. पिस्तूल आज रात्री कोणाच्या टेबलाच्या खणात आहे हे सांगत नाही.

‘मग स्वसंरक्षणाचे काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांची भीती खोटी नाही. पोलीस वेळेवर येत नाहीत, साक्षीदार फिरतात, खटले दशकभर चालतात. अशा राज्यात माणसाला आपले रक्षण आपल्याच हाती वाटले तर त्याला दोष कसा द्यायचा? मे २०२५ मध्ये आसाम सरकारने सीमेलगतच्या असुरक्षित भागांतल्या मूळ रहिवाशांना परवाने देण्याचे ठरवले, तेही याच भावनेला साद घालून. पण पिस्तुलाने प्रत्यक्षात रक्षण होते का, हे आपल्याच घटनांवरून पाहावे. सिद्दीकींना पोलीस संरक्षण होते. दाभोलकर सकाळी फिरायला निघाले होते आणि हल्लेखोर मागून आले. पिस्तूल त्यांच्या खिशात असते तरी ते हातात यायला जो क्षण लागतो तो त्यांना मिळाला नसता. ठरवून मारायला येणारा नेहमी पहिली गोळी आपल्या सोयीने झाडतो. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर कानपूरच्या आयुधनिर्माणीने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. रात्रीची पाळी संपवून शेवटच्या लोकलने घरी जाणारी परिचारिका, उसाच्या फडात पालावर राहणारी मजूर बाई, यांच्यापैकी कोणाला ते परवडणार होते? स्वसंरक्षणाचा हक्क पिस्तुलाच्या रूपाने वाटायचा ठरवला तर तो ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्याच पदरात पडतो, आणि ज्यांना धोका सर्वाधिक आहे त्यांच्यासमोर आणखी एक सशस्त्र माणूस उभा राहतो.

या वादाला आपल्या इतिहासाची एक धार आहे आणि ती मला मनापासून महत्त्वाची वाटते. १८७८ चा शस्त्र कायदा लॉर्ड लिटनच्या काळात आला. त्याने भारतीयाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले आणि युरोपियनांना त्यातून मोकळे ठेवले. काँग्रेसने आरंभीच्याच अधिवेशनांत त्याविरुद्ध ठराव केले. गांधीजींसारख्या अहिंसेच्या पुरस्कर्त्यानेही ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांत या कायद्याला सर्वांत काळे ठरवले. १९०९ साली सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठवली. त्यांतल्या एकाने अनंत कान्हेऱ्यांनी नाशिकच्या विजयानंद थिएटरात जिल्हाधिकारी जॅक्सनला मारले आणि त्या पिस्तुलांचा माग काढत सरकार सावरकरांपर्यंत पोहोचले. म्हणजे शस्त्राचा माग काढण्याची ताकद परक्या, बेजबाबदार सत्तेच्या हाती असली की ती कोणाविरुद्ध वापरली जाते, हे आपण पाहिलेले आहे. १९३१ च्या कराची अधिवेशनातून निघालेल्या मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला गेला, तो या अनुभवामुळेच.

मग स्वतंत्र भारताने तो हक्क घटनेत का घातला नाही? डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून आलेले एच. व्ही. कामत यांनी संविधान सभेत नेमकी हीच दुरुस्ती मांडली होती आणि कराचीची आठवणही करून दिली होती. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांचा प्रतिप्रश्न असा होता की हा हक्क सरसकट दिला तर तो चोरांना आणि सराईत गुन्हेगारांनाही द्यावा लागेल, त्याला तयारी आहे का? सभेने दुरुस्ती फेटाळली, आणि शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य तेवढे घटनेत आले. शस्त्र हा हक्क राहिला नाही, कारणे दाखवून मिळवायची परवानगी राहिली. मला हा निर्णय बरोबर वाटतो, आणि आंबेडकरांकडून तो यावा याला अर्थ आहे. ज्या समाजात जातीच्या उतरंडीने शतकानुशतके हे ठरवले की शस्त्र कोणी धरायचे आणि कोणी खाली मान घालून चालायचे, तिथे शस्त्राचा ‘मुक्त’ हक्क कोणाच्या हाती एकवटला असता, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. १८७८ च्या कायद्याचे खरे पाप नोंदणीत नव्हते. एकच बंदूक गोऱ्याच्या खांद्यावर निर्दोष आणि काळ्याच्या खांद्यावर गुन्हा, या भेदात ते होते.

तोच भेद आज दुसऱ्या रूपात जिवंत आहे, आणि कायदा कडक करा म्हणणाऱ्या माझ्या बाजूच्या लोकांनी त्याकडे डोळेझाक केली आहे. १९५९ चा कायदा मुळातून वाचला तर त्याची दृष्टी फार शहाणी आहे. कलम १३ प्रमाणे, पिकाच्या खऱ्या संरक्षणासाठी शेतकऱ्याने मागितलेली ठासणीची बंदूक परवाना अधिकाऱ्याने द्यायची आहे, पिस्तुलासारख्या शस्त्रांसाठी मात्र अर्जदाराकडे सबळ कारण आहे याची त्याने खात्री करायची आहे. कलम १४ सांगते की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्या कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. म्हणजे कायदा शेतकऱ्याच्या बंदुकीला मऊ आणि पिस्तुलाला कठोर आहे, गरीब-श्रीमंत भेद त्याने स्पष्टपणे नाकारला आहे. अंमलबजावणी याच्या नेमकी उलट झाली. सिंधुदुर्गात, रत्नागिरीत, गोव्याच्या सत्तरी-सांगे भागात रानडुक्कर, वानर, गवे आणि साळिंदर यांच्यापायी शेती टाकून दिलेली माणसे गावोगाव भेटतात. त्यांच्याकडे बापजाद्यांची ठासणीची बंदूक असते. बार काढून जनावर पळवणे हा तिचा बहुतेक वेळा उपयोग. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येते. २०२४ साली लोकसभेची निवडणूक आंबा-काजूच्या हंगामात आली आणि विधानसभेची आचारसंहिता लागली तेव्हा भात कापणीला आलेले होते. मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातल्याच एका याचिकेवर सरसकट जमा करण्याची पद्धत अमान्य करून छाननी समितीने प्रत्येक परवान्याचा स्वतंत्र विचार करावा असे सांगितले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. तरी अनेक गावांत शेतकऱ्याला आजही बंदूक खांद्यावर टाकून ठाण्याची वाट धरावी लागते. निवडणुकीत ठासणीच्या बंदुकीने मतदान केंद्र लुटल्याचे कोणी ऐकले आहे?

आणि पिस्तुले? ती बीडमध्ये शेकड्यांनी वाटली गेली. ज्यांच्यावर गुन्हे आहेत अशांच्याही कमरेला ती दिसली, हवेत गोळीबार करतानाच्या चित्रफिती लोकांनी पाहिल्या, आणि सरपंचाच्या खुनाने राज्य हादरल्यावर प्रशासनाने त्या परवान्यांची फेरतपासणी करून बरेच रद्द केले. ते रद्द करता येण्याजोगे होते, याचाच अर्थ ते आधीही देता येण्याजोगे नव्हते. पुण्यात २०२५ साली एका कुख्यात टोळीप्रमुखाच्या भावाचा, पोलीस आयुक्तांनी नाकारलेला परवाना अपिलात मंत्रिपातळीवर मंजूर झाल्याचे उघड झाले. त्याच्यावर एकही खटला प्रलंबित नव्हता, ही मंत्र्यांची बाजू कायद्याच्या चौकटीत ऐकून घ्यावी लागेल. पण पुण्याच्या रस्त्यावर कोण कोणाचा माणूस आहे हे ज्या आयुक्तालयाला माहीत असते त्याचा नकार मंत्रालयात बसून फिरवता येतो, ही सोय कायद्यात का असावी? जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात पावणेतीन लाखांहून अधिक परवाने अपात्र लोकांना दिले गेल्याच्या आरोपाचा तपास सीबीआयकडे गेला. पैसे मोजून देशाच्या कानाकोपऱ्यांतल्या माणसांनी तिथले परवाने मिळवले होते. नोंदणीचे विरोधक हे उदाहरण नोंदणीच्या निरुपयोगाचे म्हणून देतात. मला ते उलट वाटते. कागद होते म्हणूनच तो घोटाळा मोजता आला.

परदेशातल्या दाखल्यांबाबतही असेच घाईचे निष्कर्ष काढले जातात. कॅनडाने १९९५ च्या कायद्याने लांब नळीच्या बंदुकांची नोंदणी सक्तीची केली. निव्वळ खर्च वीस लाख डॉलर होईल असे सांगितले गेले आणि २००२ साली तिथल्या महालेखापालांनी तो एक अब्जाच्या घरात जात असल्याचे दाखवले. २०१२ साली ती नोंदणी गुंडाळली गेली. हे अपयश मोठे होते, ते झाकण्यात अर्थ नाही. पण तिथे पिस्तुलांची नोंदणी १९३४ पासून आहे आणि ती कोणी रद्द केली नाही, हे सांगायला मात्र सगळे विसरतात. शिकारी शेतकऱ्याच्या रायफलीवर अब्जावधी खर्चण्याऐवजी लपवून नेता येणाऱ्या शस्त्रावर लक्ष ठेवावे, हा त्यातला धडा, आणि तो आपल्या कलम १३ च्या भेदाशी तंतोतंत जुळतो. ऑस्ट्रेलियात १९९६ साली पोर्ट आर्थरला ३५ माणसे मारली गेल्यावर जॉन हॉवर्ड यांच्या पुराणमतवादी सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या आणि नोंदणी देशभर लावली. तिथे बंदुकीने होणारे खून आधीपासूनच कमी होत होते, त्यामुळे श्रेय किती द्यायचे यावर संशोधकांत मतभेद आहेत. आत्महत्या घटल्याचा पुरावा अधिक ठोस आहे. आपल्याकडे आत्महत्येचे मुख्य साधन बंदूक नाही, म्हणून तो फायदा जसाच्या तसा आपल्याला मिळणार नाही. हे प्रामाणिकपणे सांगूनही एक तुलना टाळता येत नाही. अमेरिकेत टेक्सासच्या युव्हाल्डी गावात २०२२ साली अठरा वर्षांच्या मुलाने दुकानातून रीतसर रायफली विकत घेतल्या आणि शाळेत जाऊन १९ मुले आणि दोन शिक्षिकांना मारले. आपल्याकडे चिडलेल्या, एकलकोंड्या, आजारी मनाच्या मुलांची कमतरता आहे का? त्यांच्या हाताला कारखान्यातली अर्धस्वयंचलित रायफल लागत नाही, हे आपल्या कायद्याचे यश आहे. न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही, म्हणून ते यश कोणाच्या हिशेबात येत नाही.

त्याच अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदुकांची राष्ट्रीय नोंदवही ठेवायला मनाई केली. गुन्ह्यात सापडलेल्या पिस्तुलाचा माग काढायचा तर वेस्ट व्हर्जिनियातल्या केंद्रातले कर्मचारी आधी उत्पादकाला विचारतात, मग घाऊक विक्रेत्याला, मग दुकानदाराला. बंद पडलेल्या दुकानांची जुनी दप्तरे तपासतात. मिसुरी राज्याने २००७ साली पिस्तूल खरेदीसाठीच्या परवान्याची अट काढून टाकली, त्यानंतर तिथे बंदुकीने होणारे खून वाढल्याचे संशोधकांना आढळले. सैल कायद्याच्या राज्यातून कडक कायद्याच्या शहरात शस्त्रे वाहतात, हे तिथले दुखणे उमर्टी आणि चोपड्याच्या सीमेवर राहणाऱ्यांना समजावून सांगायची गरज नाही.

म्हणूनच महाराष्ट्रापुरते काय करायचे, याचे उत्तर शिक्षेच्या कलमांत शोधू नये. बेकायदा शस्त्र बाळगल्याच्या खटल्यात कलम ३९ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते आणि त्या कागदात खोट निघाली की आरोपी सुटतो. शिक्षा सात वर्षे असली काय आणि जन्मठेप असली काय, त्याने फरक पडत नाही. त्यापेक्षा प्रत्येक परवान्याचे पिस्तूल दर वर्षी परवानाधारकासह समोर आले पाहिजे. दुसऱ्या राज्यातल्या परवान्यावर इथे शस्त्र बाळगून नोकरी करणाऱ्या प्रत्येक अंगरक्षकाची नोंद त्याला कामावर ठेवणाऱ्याच्या नावासकट झाली पाहिजे, आणि ते शस्त्र मालकाच्या हाती सापडले तर मालकही आरोपी झाला पाहिजे. काडतुसाची पेटी कारखान्यातून निघाल्यापासून रिकामी पुंगळी परत येईपर्यंत एका क्रमांकाने ओळखली गेली पाहिजे. नवीन काडतुसे हवी असतील तर जुन्यांचा हिशेब द्यावा लागला पाहिजे. आयुक्तांचा नकार अपिलात फिरवायचा असेल तर तो कारणे लिहून आणि ती कारणे जाहीर करूनच फिरवता यावा. ठासणीच्या बंदुका निवडणुकीत घरीच राहू द्याव्यात आणि तो पोलिसांचा वेळ पिस्तुलांच्या तपासणीकडे वळवावा.

उमर्टीच्या भट्ट्यांवर छापे पडत राहतील आणि पडले पाहिजेत. पण तिथले शिकलगर हे पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रे घडवणारे कारागीर आहेत. लोखंडाला धार देण्याचे, नळी सरळ करण्याचे हे कसब आपल्या औद्योगिक वसाहतींना हवेच आहे. दोन राज्यांची सरकारे छाप्यांसाठी एकत्र येतात तशी या कारागिरांच्या मुलांना धुळे-जळगावच्या कारखान्यांत आणि प्रशिक्षण संस्थांत आणण्यासाठी का एकत्र येत नाहीत, हा प्रश्न विधानसभेत एखाद्या आमदाराने विचारावा. आणि त्याच तासात दुसरा प्रश्नही विचारावा: या सभागृहातल्या किती सदस्यांकडे पिस्तुलाचे परवाने आहेत, ते कोणत्या कारणासाठी दिले, आणि त्यांतली किती शस्त्रे गेल्या वर्षभरात कोणी तपासली?